जुन्या सिस्टिमच्या नावावरच्या ओळी

आमच्या घरात एकच बल्ब होता आणि तो कधी लावायचा हे आबा ठरवायचे. घर म्हणजे वालूरच्या पुढं एका गावात, वस्तीच्या शेवटाला, पत्र्याची एक खोली. आत शिरलं की डाव्या हाताला लाकडी पाटीवर काळा खटका. पूर्ण अंधार पडल्याशिवाय तो चालू व्हायचा नाही आणि जेवणं उरकली की बंद, मग मी पुस्तक घेऊन बसलेली असो की नसो. घरातून शेवटी निघणाऱ्यानं खटका बंद आहे का ते हात लावून बघायचं, हा तर नियमच. भर दुपारीसुद्धा. दादानं आणि मी हा नियम कधी पाठ केला नाही. तो हातातच बसला.

आबा मानवतच्या मोंढ्यात हमाल होते. माय दुसऱ्यांच्या रानात कमरेला ओटी बांधून कापूस वेचायची आणि वेचणी संपली की त्याच रानातल्या पऱ्हाट्या उपटायची, कारण चुलीला तेच जळण. एका हंगामात मोंढ्यात पोत्यांची थप्पी ढासळली आणि आबांच्या पाठीवर आली. ते पुन्हा उभे राहिले, पण पोतं पुन्हा उचललं नाही. दादा तेव्हा दहावी झाला होता, चांगल्या मार्कांनी. त्यानं पुस्तकं माझ्याकडं सरकवली आणि मानवतला एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागला. मी शिकावं असं घरात बसून कुणी ठरवलं नव्हतं. एकाचं थांबलं म्हणून दुसरीचं चालू राहिलं, एवढंच.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. मी परभणीला राहून बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं, पहिल्या वर्गात केलं. आमच्या भावकीत कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी कुठंही मान वर करून सांगते.

आता दादाचं स्वतःचं दुकान आहे, मानवतच्या बसस्टँडजवळ. झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, टायपिंग. आम्ही सगळे तिथंच भाड्याच्या दोन खोल्यांत असतो. सकाळी मी एका क्लासवर कॉम्प्युटर शिकवते आणि दुपारपासून दुकानात, प्लायवूडच्या आडोशामागं, माझं दुसरं काम करते. हे दुसरं काम घरच्यांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. एक प्रोग्राम आहे, जगभरातले लोक तो मिळून चालवतात. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. ती घ्यायची का नाही ते मात्र ज्यांच्याकडं चावी आहे तेच ठरवतात. चावी म्हणजे थेट मूळ कोडात बदल करायचा हक्क. तो फार थोड्यांकडं असतो.

"पगार किती?" मायनं विचारलं होतं.

"पगार नसतो."

"मंग कुणाच्या घरचं करायलीस?"

दादा हसला होता. "मायबाई, तिचा एक मुकादम हाय परदेशात. त्यो काम सांगतो, ही करती. उचल बी देत न्हाई."

मुकादम म्हणजे तो प्रोग्राम पहिल्यांदा लिहिणारा माणूस. वयानं मोठा, बोलायला तुटक. त्याला मी कधी पाहिलं नाही. जे काही बोलणं, ते लिहून. दादानं ठेवलेलं नाव माझ्याही तोंडात बसलं.

प्रोग्रामचं काम साधं आहे. तुम्ही सांगाल त्या फोल्डरवर तो नजर ठेवतो आणि त्यातली फाईल बदलली की तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवतो. एक डिस्क गेली तरी काम जाऊ नये. बस, एवढंच वचन. पण तो लिहिला त्या काळात जी ऑपरेटिंग सिस्टिम घरोघर होती, ती आता इतकी जुनी झाली की आमच्या प्रोग्रामनं तिची साथ सोडल्याचं जाहीर करून टाकलं. तिच्यासाठी लिहिलेला कोड मात्र जागोजागी तसाच होता. 'जुनी सिस्टिम असेल तर असं कर, नसेल तर तसं.' नवा माणूस वाचायला बसला की याच फाट्यांमध्ये हरवायचा. हे सगळं काढून टाकायचं काम मुकादमानं मला दिलं. वर लिहिलं, "हे नीट झालं तर चावीचं बोलू."

मी ते वाक्य कितीदा वाचलं असेल, सांगत नाही.

काही आठवडे मी तेवढंच केलं. एक फाटा धरायचा, तो कुठं कुठं पोचतो ते बघायचं, मुळासकट काढायचा, सगळ्या चाचण्या चालवायच्या, पुढं जायचं. लहानपणी मायच्या मागं पऱ्हाट्या उपटलेल्या आहेत. तसंच समाधान होतं. मागं वळून पाहिलं की रान मोकळं.

शेवटी एका फाईलीत पाच-सात ओळी उरल्या. प्रत ठेवताना आमचा प्रोग्राम ती आधी तात्पुरत्या नावानं लिहितो आणि पूर्ण झाली की खरं नाव देतो. पण कॉम्प्युटर लिहिलेलं लगेच डिस्कवर टाकत नाही. थोडा वेळ आपल्या आठवणीत धरून ठेवतो आणि 'झालं' म्हणतो. या ओळी काय करायच्या, तर खरं नाव द्यायच्या आधी सगळं खरोखर डिस्कवर उतरवून घ्यायच्या. वर अट होती: सिस्टिमच्या आवृत्तीचा आकडा अमुकपेक्षा लहान असेल तरच. आणि त्या तुकड्याला दिलेल्या नावातच जुन्या सिस्टिमचं नाव. म्हणजे जुन्यांचीच. मी त्या काढल्या. चाचण्या सगळ्या हिरव्या आल्या, म्हणजे पास.

मुकादमानं लिहिलं, "छान. शुक्रवारी नवी आवृत्ती बाहेर काढू."

तो मंगळवार होता. त्याच दिवशी मी ती आवृत्ती दादाच्या कॉम्प्युटरवर टाकली. तपासायला म्हणून नाही. जगात जायच्या आधी ती आमच्या दुकानात चालावी, एवढीच हौस.

दादा तेव्हा एक मोठं काम करत होता. आमच्या वस्तीतले एक म्हातारे बाबा जन्मभर गायनपार्टी चालवत आले. त्यांची स्वतः रचलेली गाणी त्यांना तोंडपाठ, कागदावर कुठंच नाहीत. ते दुकानात येऊन बसायचे, म्हणायचे, आणि दादा गिऱ्हाईक सांभाळत टाईप करायचा. पुस्तक विहारात निघणार होतं. संध्याकाळी त्यानं फाईल सेव्ह केली, दाराजवळचा मेन खटका खाली पाडला आणि शटर ओढलं. दादा कॉम्प्युटर असाच बंद करतो. आमच्या बाजारात जवळजवळ सगळे असाच बंद करतात.

बुधवारी सकाळी क्लासला जाता जाता मी दुकानात डोकावले आणि सहज दुसऱ्या डिस्कवरची प्रत उघडली. फाईल होती. आकारही बरोबर होता. आत सगळी पानं कोरी.

"दादा, गाण्याची फाईल उघड. तुझी, मूळची."

ती उघडली. गाणी जागेवर होती.

दादा प्रतीकडं बघत राहिला. "म्हंजी गोणी हाय, आत सोयाबीन न्हाई."

"हसू नको."

"हसत न्हाई मी. बाबाचा आवाज आता बसलाय. ते गाणे फिरून कोण म्हणून दाखवणार हाय?"

मूळ डिस्क जुनी होती, मधूनच कुरकुर करायची. म्हणूनच तर मी दादाला हा प्रोग्राम दिला होता.

मी मुकादमाला लिहिलं: आवृत्ती थांबवा, मी काढलेल्या ओळींचा यात संबंध असावा. त्याचं उत्तर दुपारी आलं, कारण त्याची सकाळ तेव्हा होते. "पुन्हा घडवून दाखव."

मग आम्ही दुकानात खटका पाडायला लागलो. फाईल बदलायची, सेव्ह करायची, खटका खाली. चालू करायचं, प्रत बघायची. ठीक. पुन्हा. ठीक. मध्ये गिऱ्हाईक यायचं, मग थांबायचं. एक गुरुजी अर्ध्या छापलेल्या प्रश्नपत्रिका हातात धरून उभे होते.

"लाईट गेली का हो?"

"न्हाई गुरुजी," दादा म्हणाला. "आमची बहीण लाईट शिकायलीय."

दिवस मावळायच्या सुमाराला एकदा प्रत कोरी आली. मी लगेच फोटो काढला, सगळी माहिती जोडून पाठवली. गुरुवारी दुपारी उत्तर आलं. त्यात राग नव्हता. सरळ तर्क होता, आणि तो मला तोडता येत नव्हता.

"चालू कॉम्प्युटरची वीज कोण तोडतं? ते सोडू. तुझ्या भावाचा कॉम्प्युटर नव्या सिस्टिमचा आहे. तू काढलेल्या ओळी फक्त जुन्या सिस्टिमवर चालतात. अट वाच. म्हणजे त्या ओळी तिथं आधीही चालत नव्हत्या. जे चालतच नव्हतं, ते काढल्यानं काही बिघडू शकत नाही. डिस्क खराब असेल."

खाली अजून एक ओळ होती. "या सफाईची आम्ही फार वाट पाहिली आहे. तुझा स्वतःच्या बदलावरच भरवसा नसेल तर सांग, उरलेलं दुसऱ्या कुणाला देतो."

अट मी पुन्हा वाचली. तो बरोबर होता. आकडा लहान असेल तरच. दादाची सिस्टिम नवी, तिचा आकडा मोठा. यात वाद घालायला जागाच नव्हती. पण प्रत कोरी होती, आणि मी ओळी काढायच्या आधी दादाचं दुकान याच खटक्यावर कितीतरी महिने बिनघोर चाललं होतं.

"काय म्हणतो मुकादम?"

"म्हणतो, असं कॉम्प्युटर कोण बंद करतं."

"त्याला म्हणावं, ये मानवतला. बाजार फिरवून दाखवतो." मग माझ्याकडं बघून आवाज खाली आणला. "हे बघ, आपण इन्व्हर्टर बसवू. बाबाचे गाणे मी पेनड्राईव्हवर बी ठेवतो. तू कशाला त्याच्याशी वाकडं घ्यायलीस? चावी देतो म्हणतोय ना त्यो?"

"इन्व्हर्टर आपल्या दुकानात बसंल. बाकीच्यांचं?"

"बाकीचे कोण?"

नावं मला माहीत नव्हती. पण तो प्रोग्राम कुठं कुठं चालतो ते मला माहीत होतं. आमच्यासारखी दुकानं, शाळा, दवाखाने. जिथं वीज असते आणि नसते. आमच्या चाचण्या ज्या कॉम्प्युटरवर चालायच्या, ते कुठल्यातरी मोठ्या गार इमारतीत, त्यांची वीज कधी जातच नाही. तिथं या गोष्टी दिसणारच नाहीत. गप्प बसले असते तर शुक्रवारी आवृत्ती गेली असती, पुढं चावी मिळाली असती. आणि कुठंतरी कुणीतरी प्रत उघडून कोरी पानं बघितली असती. मी गप्प बसायचा विचार केला नाही असं नाही. केला. एक सबंध संध्याकाळ केला.

शुक्रवार उजाडला. मी क्लासला सुट्टी सांगितली आणि सकाळीच दुकानात जाऊन बसले. दुपारपर्यंत काही सापडलं तर सापडलं, नाहीतर मुकादम उठणार आणि आवृत्ती बाहेर काढणार. मी आडोशामागं कोड उघडून नुसतीच बघत होते. पुढं दादा एका मावशीचा फॉर्म भरत होता. पोखर्णीकडची होती, गुडघे धरून बसलेली.

"मावशी, जन्मतारीख सांगा."

"आधारवर आसंल की."

"एक जून." दादा हसला. "मावशी, तुमी बी एक जूनच? आमच्या घरात बी एक हाय तसलीच, आत बसलीय. अख्खा तालुका एकाच दिवशी जन्मला बघा."

"गुरुजीनं लिवलं, बाबा. शाळंत बसवायला तारीख लागती म्हणले. मी झाले तवा तर थंडी होती म्हणायची माय."

माझंही तेच आहे. माझी माय सांगते, मी झाले तेव्हा पहिली वेचणी चालू होती. कागदावर मात्र एक जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती लिहिली, वय नियमात बसावं म्हणून. आमच्या वर्गात अर्ध्या पोरांचा वाढदिवस त्याच दिवशी यायचा. विचारणाऱ्याला जे वय चालतं, ते सांगितलेलं असतं. खरं वेगळंच.

मी ते ऐकलं, सोडून दिलं आणि पुन्हा अटीकडं पाहिलं. आकडा लहान असेल तर. आणि पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, हा आकडा आपल्याला सांगतं कोण? सिस्टिम स्वतः. आणि ती सांगते ते खरं आहे, हे आम्ही कुणी कधी तपासलं होतं?

मी प्रोग्राममध्ये एकच ओळ घातली. सिस्टिमनं तुला कोणता आकडा सांगितला, तो पडद्यावर छाप. आणि दादाला म्हणाले, "ऊठ जरा."

"फॉर्म अर्धा हाय."

"ऊठ ना दादा."

मावशी म्हणाली, "उठा की, लेकरू कावलंय."

पडद्यावर जो आकडा आला तो दादाच्या सिस्टिमचा नव्हता. तो जुना आकडा होता. अटीपेक्षा लहान.

मी लगेच शोधलं, आणि हे काही गुपित नव्हतं, सिस्टिमच्या माहितीतच लिहिलेलं होतं. प्रोग्रामनं आपल्यासोबतच्या एका छोट्या फाईलीत 'मला नवी सिस्टिम कळते' असं आधी जाहीर केलेलं असेल, तर सिस्टिम त्याला खरा आकडा सांगते. केलेलं नसेल तर जुना सांगते, जुने प्रोग्राम बिचकू नयेत म्हणून. आमच्या प्रोग्रामनं ते कधीच जाहीर केलं नव्हतं. म्हणजे जुन्या सिस्टिमच्या नावावरच्या त्या ओळी सगळ्या नव्या कॉम्प्युटरवर रोज चालत होत्या. कुणाला न कळता फाईली राखत होत्या. आणि मी त्या मेल्या समजून उपटल्या होत्या.

पण एवढ्यावर मुकादम थांबणार नाही हे मला ठाऊक होतं. मी ओळी परत घातल्या आणि दादाला खटक्याजवळ उभं केलं. मी 'हं' म्हटलं की पाड. त्यानं पाडला, चालू केला, पाडला. मावशी फॉर्मसाठी थांबली होती, ती प्रत्येक वेळी मान हलवायची. ओळी असताना एकदाही प्रत कोरी आली नाही. मग ओळी काढल्या आणि पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळानं कोरी आली. परत कोरी आली.

सगळं लिहून पाठवायला बसले आणि खरोखरची लाईट गेली. दादानं खटक्यावरचा हात उचलून वर धरला. "मी न्हाई."

माझ्या लॅपटॉपला बॅटरी होती, नेट दादाच्या फोनवरून घेतलं. रेंज एक काडी. पाठवलेलं जाता जात नव्हतं. शेवटी गेलं. मग वाट बघणं. मावशीचा फॉर्म लाईट आल्यावर होणार होता, म्हणून तीही बसून होती. तिनं पिशवीतून भाकरी काढली आणि मला अर्धी दिली. मी ती खाल्ली का हातात धरून बसले, आठवत नाही.

आधी एक प्रश्न आला. "हा आकडा खऱ्या कॉम्प्युटरवरचा आहे? कुठल्या नकली सिस्टिमवरचा नाही?" दादाच्या पडद्यावरच्या आकड्याचे फोटो मी आधीच काढून ठेवले होते, ते पाठवले, त्याच्या टेबलासकट. मग पडद्यावर नुसतं दिसायचं की तो लिहितोय, आणि ते थांबायचं. परत लिहितोय.

"आता तुझा हिशोब होतो," दादा म्हणाला. चेष्टेनं म्हणाला, पण जागचा हलला नाही.

मग उत्तर आलं. "ही अट मी स्वतः लिहिली होती, फार वर्षांपूर्वी. आकडा तपासायचं माझ्या कधी डोक्यात आलं नाही." त्याखाली, "आवृत्ती थांबवली." आणि अजून खाली, "ओळी परत घाल. अट काढ. नावातलं जुन्या सिस्टिमचं नाव काढ. आणि वर कारण लिही, म्हणजे पुढचा माणूस त्या काढणार नाही."

मी दादाला वाचून दाखवलं. मावशीनं विचारलं, "काय झालं?"

"मुकादम ऐकला," दादा म्हणाला.

कारण मी इंग्रजीत लिहिलं, साध्या शब्दांत. की या ओळी सगळ्या सिस्टिमवर चालल्या पाहिजेत, कारण बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर बंद करणं म्हणजे भिंतीवरचा खटका पाडणं असतं. मुकादमानं त्यातला एकही शब्द बदलला नाही.

बाबांच्या गाण्यांचं पुस्तक विहारात निघालं. दादा अजूनही कॉम्प्युटर खटक्यावरच बंद करतो, आणि मी त्याला आता काही म्हणत नाही.

ती आवृत्ती पुढच्या शुक्रवारी बाहेर गेली. जुन्या सिस्टिमचा सगळा कोड प्रोग्राममधून निघाला आहे, त्या पाच-सात ओळी सोडून, आणि त्या आता सगळ्यांसाठी चालतात. चावी माझ्याकडं आहे.